पस्तिशीकडे झुकलेल्या स्कोअररसाठी ट्रेड करावा का?

प्रश्न थोडक्यात असा: एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला एक संघ गेले दोन हंगाम 47-48 सामने जिंकतोय. बचाव लीगमधल्या पहिल्या सात-आठांत मोडणारा. 23 आणि 24 वर्षांचे दोन खेळाडू चांगले तयार होताहेत. पण प्लेऑफमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत गुणच निघत नाहीत आणि संघ पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत बाहेर पडतो. अशात 34 वर्षांचा एक स्टार स्कोअरर, म्हणजे भरपूर गुण करणारा खेळाडू, ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) उपलब्ध आहे. सामन्यामागे 27 गुण, कराराची दोन वर्षं शिल्लक. त्याचा संघ बदल्यात मागतोय सामना सुरू करणाऱ्या पाचांतला विंग डिफेंडर (कोर्टाच्या कडेने खेळणारा बचावपटू), एक होतकरू तरुण आणि तीन अनप्रोटेक्टेड फर्स्ट राउंड पिक्स, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले (ड्राफ्टमधले) पहिल्या फेरीचे हक्क, संघ कितीही घसरला तरी द्यावेच लागणारे. घ्यावा का?

माझं उत्तर: खेळाडू घ्या, पण या किमतीत नको. विंग डिफेंडर जाणार असेल तर अजिबातच नको. असं का म्हणतो ते नीट सांगतो, कारण प्रशिक्षक आणि व्हिडिओ विश्लेषक म्हणून काम करताना असे सौदे मी खूप जवळून तपासले आहेत, आणि ट्रेडची बातमी आली की लोक सर्वांत आधी जो हिशेब मांडतात तोच सर्वांत फसवा असतो. आपले 112 गुण, त्यात त्याचे 27 आले, चला, आता आपल्याला कोण हरवणार!

गुण असे बेरजेत येत नाहीत. एका सामन्यात संघाला चेंडूचा ताबा साधारण शंभर वेळा मिळतो आणि दर वेळी शॉट एकालाच घेता येतो. नवा माणूस 20 शॉट घेणार असेल तर ते 20 शॉट आज कोणीतरी घेतोच आहे. त्यामुळे खरा फायदा एवढाच, की त्याचा शॉट तो ज्याच्या हातून काढून घेतो त्याच्या शॉटपेक्षा किती चांगला आहे. शॉट क्लॉकवर, म्हणजे शॉट घ्यायच्या मुदतीच्या घड्याळावर, चार सेकंद उरलेत, चेंडू बचावपटू सेंटरच्या हातात अडकलाय आणि तो घाईत रिंगच्या दिशेने काहीतरी फेकतोय. असे शॉट त्याने घेतले तर संघाचं नशीब बदलेल. पण तुमचा 24 वर्षांचा गार्ड आज जे चांगले शॉट मिळवतोय तेच जर स्टारकडे गेले, तर गुणफलक होता तिथेच राहील आणि पोरगा कोपऱ्यात उभा राहून वर्ष काढेल.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण 2007 चं बॉस्टन सेल्टिक्स. आदल्या हंगामात पॉल पिअर्स सामन्यामागे 25, रे अ‍ॅलन सिअ‍ॅटलसाठी 26.4 आणि केव्हिन गार्नेट मिनेसोटासाठी 22.4 गुण करत होता. बेरीज जवळपास 74. तिघे एकत्र आले आणि पहिल्याच हंगामात त्यांची सरासरी अनुक्रमे 19.6, 17.4 आणि 18.8 झाली, म्हणजे 56 च्या आत. तिघांनी मिळून सुमारे 18 गुण सोडले आणि संघ 24 विजयांवरून 66 वर गेला, विजेतेपदही घेऊन आला. गार्नेट त्या वर्षी लीगमधला सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला. हे जमलं, कारण तिघांच्याही हातून सुटलेले शॉट प्रत्येकाचे वाईट शॉट होते. आदल्या वर्षी दोन-दोन बचावपटू अंगावर घेऊन मारावे लागायचे ते. शिवाय रॉन्डो आणि पर्किन्स या दोन तरुणांना त्यांनी या सौद्यांत जाऊ दिलं नाही, हे फारसं कोणी लक्षात घेत नाही.

म्हणून पहिली तपासणी कार्यक्षमतेची. दोन खेळाडू घ्या, दोघेही 25 गुण करणारे. पहिला त्यासाठी 20 शॉट आणि 5 फ्री थ्रो घेतो, दुसरा 16 शॉट आणि 7 फ्री थ्रो. ट्रू शूटिंग काढताना फ्री थ्रोला 0.44 ने गुणून शॉटमध्ये मिळवतात, त्या बेरजेच्या दुपटीने गुणांना भागतात. पहिल्याचं उत्तर येतं 56 टक्के, दुसऱ्याचं 65 च्या वर. गेल्या काही हंगामांत लीगची सरासरी 58 च्या आसपास आहे. म्हणजे वृत्तपत्रात दोघांच्याही नावापुढे 25 छापून येतात, पण पहिला प्रत्यक्षात सरासरीपेक्षा खाली आहे आणि दुसरा संघासाठी रोज तीन ताबे वाचवून ठेवतो.

तरीही एवढ्यावर थांबू नका. वाईट संघातल्या स्टारची कार्यक्षमता पडलेली दिसते, कारण त्याच्यासाठी जागा करून देणारं कोणी नसतं. उलट चांगल्या संघातल्या शूटरची फुगलेली दिसते. शेवटी व्हिडिओ बघण्याला पर्याय नाही. मी बघतो तेव्हा आधी चेंडूकडे बघतच नाही.

सामन्याची शेवटची पाच मिनिटं आणि गुणांचं अंतर पाचच्या आत, असेच तुकडे काढा. स्टार वर, थ्री-पॉइंट रेषेच्या बाहेर उभा आहे, शॉट क्लॉकवर 15 सेकंद. सेंटर स्क्रीन लावायला, म्हणजे स्टारच्या बचावपटूची वाट अंगाने अडवायला, येतोय. इथे चित्र थांबवा आणि पलीकडच्या कोपऱ्यातल्या बचावपटूचे पाय बघा. स्टारच्या हाती चेंडू पोहोचण्याआधीच तो बचावपटू आपला माणूस सोडून दोन पावलं आत सरकला असेल, तर समोरचा संघ याला अजून घाबरतो. जागचा हलला नसेल, तर याच्या 27 गुणांना एकट्या माणसाचा बचाव पुरेसा आहे असं त्यांचं मत झालंय, आणि समोरच्या प्रशिक्षकांचं मत तुमच्या-माझ्या आकडेवारीपेक्षा जास्त विश्वासाचं. मग चित्र पुढे सरकवा. दोघे अंगावर आले, तर सापळा बंद होण्याआधी तो पास देतो की एक ड्रिबल मागे घेऊन पुन्हा स्वतःच जायला बघतो? एका ड्रिबलचा फरक. पण तेवढ्या वेळात कोपऱ्यातला शूटर मोकळ्याचा पुन्हा झाकला जातो.

आता चेंडू दुसऱ्याकडे असतानाचे तुकडे. हे कंटाळवाणे असतात आणि सगळ्यात जास्त सांगून जातात. रे अ‍ॅलनला आठवा: चेंडू कुठेही असो, त्याचे पाय थांबायचे नाहीत, दोन स्क्रीनच्या कडेने वळून तो पुन्हा त्याच कोपऱ्यात यायचा आणि त्याच्यामागे एक बचावपटू दमून जायचा. असा स्कोअरर कोणत्याही संघात बसतो. चेंडू हातातून गेला की कमरेवर हात ठेवून उभा राहणारा मात्र तुमच्या दोन तरुण खेळाडूंचा श्वास कोंडतो, कारण त्याचा माणूस मोकळेपणी आत सरकून त्यांची वाट अडवतो.

तिसरी गोष्ट बचावाची. साध्या हंगामात 34 वर्षांचा स्कोअरर झाकला जातो, त्याला सर्वांत निरुपद्रवी खेळाडूवर लावायचं आणि पुढे जायचं. प्लेऑफच्या सात सामन्यांच्या मालिकेत समोरच्यांना तयारीला वेळ असतो. ज्याला तुमचा स्टार राखतोय त्यालाच ते स्क्रीन लावायला वर बोलावतात. तुमचा उत्तम डिफेंडर स्क्रीनमध्ये अडकतो, अदलाबदल होते, आणि त्यांच्या सर्वांत चपळ गार्डसमोर तुमचा 34 वर्षांचा माणूस एकटा उरतो. पुढच्या ताब्यात तेच, त्याच्या पुढच्यात पुन्हा तेच. 2018 मध्ये युटा जॅझने ओक्लाहोमा सिटीविरुद्ध कार्मेलो अँथनीला असंच वारंवार उघडं पाडलं. पाचव्या सामन्यात ओक्लाहोमाने 25 गुणांची पिछाडी भरून काढली ती बराचसा वेळ अँथनीला बाकावर बसवून, आणि मालिका तरीही 4-2 अशी गेली. ज्याच्यासाठी सौदा केला त्यालाच निर्णायक मिनिटांत बसवावं लागणं, हे या प्रकारच्या ट्रेडचं सर्वांत वाईट फलित.

इथे आयव्हरसन-बिलप्स अदलाबदलीबद्दल जरा सविस्तर सांगायलाच हवं, कारण एकाच सौद्यात दोन्ही बाजू दिसतात. 2006 च्या डिसेंबरमध्ये डेन्व्हरने अ‍ॅलन आयव्हरसनला आणलं. चार वेळा लीगमधला सर्वाधिक गुण करणारा खेळाडू, शिवाय संघात कार्मेलो अँथनी आधीच होता. 2007-08 मध्ये आयव्हरसनने सामन्यामागे 26.4 आणि अँथनीने 25.7 गुण केले. संघाने 50 सामने जिंकले आणि पहिल्या फेरीत लेकर्सकडून 4-0 असा हरला. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीलाच, नोव्हेंबर 2008 मध्ये, त्यांनी आयव्हरसनला डेट्रॉइटला देऊन चॉन्सी बिलप्सला घेतलं. बिलप्स 18 च्या आसपास गुण करणारा. कागदावर डेन्व्हरने आठ गुण गमावले. प्रत्यक्षात संघ 54 विजयांवर गेला आणि थेट वेस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या पश्चिम विभागाच्या, अंतिम फेरीत पोहोचला.

आणि डेट्रॉइट? आधीची सलग सहा वर्षं कॉन्फरन्स फायनल खेळलेला संघ, आदल्या हंगामात 59 विजय. आयव्हरसन आल्यावर 39-43 आणि पहिल्या फेरीत क्लीव्हलंडकडून सफाया. रिप हॅमिल्टन हा सतत धावत, स्क्रीनच्या आडून मोकळा होणारा शूटर. त्याला वेळेवर पास देणारा बिलप्स गेला. आलेला गार्ड चेंडू स्वतःकडे ठेवून खेळणारा. हॅमिल्टनला काही काळ बाकावरून खेळवून पाहिलं, नंतर आयव्हरसनला तसं सांगून पाहिलं, ते त्याला पटलं नाही. डेट्रॉइटमधली त्याची सरासरी 17.4. आयव्हरसन थोर खेळाडू होता यात मला तसूभर शंका नाही, फिलाडेल्फियात त्याने एकट्याच्या खांद्यावर संघ 2001 च्या अंतिम फेरीत नेला. पण डेट्रॉइटकडे जी गोष्ट आधीच होती, म्हणजे एकमेकांसाठी शॉट तयार करण्याची घडी, तीच त्याच्या येण्याने विस्कटली. त्या सौद्यामागे त्याचा संपत आलेला मोठा करार हेही कारण होतं, पगाराची जागा मोकळी करायची होती. ती जागा पुढच्या उन्हाळ्यात बेन गॉर्डन आणि चार्ली व्हिलानुएव्हावर खर्च झाली आणि संघाला पुढे कित्येक वर्षं प्लेऑफ दिसलं नाही.

तर काय येतंय याइतकंच काय जातंय ते मोजा. मिलवॉकीने सप्टेंबर 2023 मध्ये डेमियन लिलार्डला घेतलं. त्याने आदल्या हंगामात 32.2 गुणांची सरासरी ठेवली होती. मोबदल्यात गेला जू हॉलिडे, लीगमधल्या सर्वांत चिवट बचावपटू गार्डांपैकी एक. लीगमधल्या पहिल्या पाचांत असलेला मिलवॉकीचा बचाव वर्षभरात लीगच्या खालच्या अर्ध्यात आला, विजय 58 वरून 49. पोर्टलंडने हॉलिडेला लगेच बॉस्टनकडे धाडलं आणि बॉस्टनने त्याच हंगामात विजेतेपद घेतलं. मिलवॉकी 2024 आणि 2025 दोन्ही वर्षी पहिल्या फेरीत इंडियानाकडून हरलं. 2024 मध्ये मिलवॉकीचा मुख्य स्टार यानिस जखमी होता आणि 2025 मध्ये लिलार्डचीच अकिलीस टेंडन तुटली, त्यामुळे सगळं खापर सौद्यावर फोडणं न्यायाचं नाही. पण वयाच्या 33 व्या वर्षी आलेल्या गार्डच्या बाबतीत दुखापत हा निव्वळ दुर्दैवाचा भाग मानून चालत नाही, तो किमतीतच धरायचा असतो.

फिनिक्सचं प्रकरण मला याहून बोलकं वाटतं, कारण तिथे स्टार कुठेच कमी पडला नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये केव्हिन ड्युरंट आला, 34 वर्षांचाच. मोबदल्यात मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, जे क्राउडर, 2023, 2025, 2027 आणि 2029 ची अनप्रोटेक्टेड पिक्स आणि 2028 मधली पिकची अदलाबदल, म्हणजे दोन संघांपैकी ज्याचं पिक वरचं ते घ्यायचा हक्क. ड्युरंटने 2023-24 मध्ये 27.1 आणि पुढच्या वर्षी 26.6 गुण केले, तेही उत्तम कार्यक्षमतेने. संघाचं काय झालं? 2023 मध्ये दुसऱ्या फेरीत डेन्व्हरकडून हार, 2024 मध्ये मिनेसोटाकडून 4-0, 2025 मध्ये 36-46 आणि प्लेऑफच नाही. स्कोअररने मागितलं ते सगळं दिलं, पण त्याच्या शेजारी उभे राहून बचाव करणारे विंग ब्रुकलिनला गेले होते. शिवाय त्याच वर्षी ब्रॅडली बीलला आणलं, ज्याच्या करारात ट्रेड नाकारण्याचा हक्क लिहिलेला होता, त्यामुळे चूक सुधारायची वाटही बंद.

उलट, जमलेला सौदा बघायचा तर 1995 चा ह्यूस्टन. क्लाइड ड्रेक्सलर 32 वर्षांचा, फेब्रुवारीत आला, मोबदल्यात प्रामुख्याने पॉवर फॉरवर्ड ओटिस थॉर्प. थॉर्प गेल्याने रिबाउंड कमी होणार हे दिसतच होतं. पण त्याची जागा घेणारा घरातच होता: रॉबर्ट हॉरी पॉवर फॉरवर्डला आला, तो बाहेरून शूट करू शकत असल्याने संघाचा मुख्य स्टार, सेंटर ओलाजुवानला आत मोकळी जागा मिळाली. ड्रेक्सलर आणि ओलाजुवान कॉलेजमध्ये एकत्र खेळलेले, चेंडू शेवटी कोणाकडे जाणार याबद्दल कसलाच संभ्रम नाही. कॉन्फरन्समध्ये सहाव्या क्रमांकावरून ह्यूस्टन विजेता झाला, आणि इतक्या खालून तो मान आजवर दुसऱ्या कोणी मिळवलेला नाही. तुमच्या संघाच्या बाबतीत मी हेच विचारीन: विंग डिफेंडर दिला तर तुमचा हॉरी कोण? नाव सांगता येत नसेल तर सौद्याची ती अट मान्य करू नका.

वयाबद्दल लोक फार बोलतात, मी थोडंच बोलतो. 34 हा आकडा सगळ्यांना सारखा नसतो. उंच, दुसऱ्याच्या डोक्यावरून शॉट मारणारा किंवा पास आल्याबरोबर शूट करणारा स्कोअरर उशिरापर्यंत टिकतो. पहिल्या पावलाच्या झटक्यावर ज्याचा सगळा खेळ उभा आहे तो लवकर उतरतो, आणि उतार गुणांत दिसण्याआधी दुसरीकडे दिसतो: रिंगपाशी जाण्याचं प्रमाण घटतं, फ्री थ्रो कमी होतात, त्यांची जागा मधल्या अंतरावरचे अवघड शॉट घेतात. गुण 27 च राहतात, पण दर वर्षी जास्त घाम गाळून. गेल्या तीन हंगामांतली त्याची रिंगपाशी जाण्याची आणि फ्री थ्रोची आकडेवारी एकापाठोपाठ एक मांडा. सलग दोन वर्षं घसरण असेल तर तिसऱ्या वर्षाचे पैसे तुम्ही भूतकाळासाठी देताय.

पैशांचा भाग मात्र हल्ली पूर्वीपेक्षा खूप कडक झालाय. लीग आणि खेळाडू संघटनेत झालेल्या, 2023 मध्ये लागू झालेल्या करारानंतर ट्रेडचं गणितच बदललं. 2025-26 मध्ये सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, सुमारे 15 कोटी 46 लाख डॉलर. दहा वर्षं खेळलेल्या खेळाडूचा कमाल पगार कॅपच्या 35 टक्क्यांपासून सुरू होतो, म्हणजे साधारण 5 कोटी 41 लाख. कॅपच्याही वर अ‍ॅप्रन नावाच्या दोन रेषा असतात; त्यांतला दुसरा अ‍ॅप्रन, जो ओलांडला की हातपाय बांधले जातात, तो सुमारे 20 कोटी 78 लाखांवर. ओलांडलात तर दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्या बदल्यात एक मोठा खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही, मिड-लेव्हल सवलत (कॅपच्या वर असूनही मधल्या पगाराचा खेळाडू घेण्याची मुभा) जाते, आणि सात वर्षांनंतरचं फर्स्ट राउंड पिक गोठवलं जातं. पुढच्या चारपैकी आणखी दोन वर्षं वर राहिलात तर ते पिक फेरीच्या तळाला जातं. पहिला अ‍ॅप्रन ओलांडलेल्या संघालाही जेवढा पगार बाहेर जातो त्याहून जास्त आत घेता येत नाही.

याचा व्यावहारिक अर्थ असा. एवढ्या मोठ्या पगाराच्या माणसाच्या बदल्यात पगार जुळवायला तुम्हाला मधल्या पगाराचे दोन-तीन खेळाडू द्यावे लागतात, आणि नेमके तेच खेळाडू चांगल्या संघाचा कणा असतात. त्यांच्या जागी मग किमान पगारावर मिळेल तो घ्यावा लागतो. तुमचा विंग डिफेंडर मागणीच्या यादीत आला तो बहुधा याच कारणाने, केवळ समोरच्यांना आवडतो म्हणून नव्हे. शिवाय तुमचे ते 23 आणि 24 वर्षांचे दोघे लवकरच नव्या करारासाठी बसतील. स्टारच्या कराराचं दुसरं वर्ष आणि त्यांच्या नव्या कराराचं पहिलं वर्ष एकाच हंगामात येत असेल, तर आजच बेरीज करून बघा.

आणि हे शेवटचं वर्ष फार महाग पडू शकतं. लिलार्डचा वाढीव करार पोर्टलंडने केलेला, त्याची शेवटची दोन वर्षं मिलवॉकीच्या वाट्याला आली. दुखापतीनंतर 2025 च्या उन्हाळ्यात त्यांनी त्याला सोडलं आणि उरलेले सुमारे 11 कोटी 30 लाख डॉलर पाच वर्षांत पसरवले. म्हणजे संघात नसलेल्या खेळाडूसाठी दर वर्षी सव्वादोन कोटींहून जास्त रक्कम त्यांच्या कॅपवर बसलेली. तुमचा स्टारही आल्या-आल्या करारवाढीचं बोलेल, ते गृहीत धरा. 36 आणि 37 व्या वर्षासाठी आज सही करायची तयारी नसेल तर ट्रेडआधीच त्याच्या प्रतिनिधीला ते स्पष्ट कळलं पाहिजे, अर्थात समोरच्या संघाने बोलायची परवानगी दिली तर.

पिक्सबद्दल माझं मत ठाम आहे. जवळची द्या, लांबची देऊ नका. स्टार आल्यावर तुम्ही पहिली दोन वर्षं चांगलेच खेळणार, आणि ड्राफ्टमध्ये वरचे क्रमांक हरणाऱ्या संघांना मिळतात, म्हणजे त्या वर्षांची तुमची पिक्स पंचविसाव्या-तिसाव्या क्रमांकाची असतील. लांबची पिक्स तो निवृत्त झाल्यावर येतात. 34 वर्षांच्या खेळाडूसाठी सातव्या वर्षाचं पिक दिलंत तर ते वापरलं जाईल तेव्हा तो 41 वर्षांचा असेल. विकणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो नेमकी लांबचीच मागतो. लागोपाठच्या दोन वर्षांची फर्स्ट राउंड पिक्स एकदम देता येत नाहीत, असा नियम आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी पिक्सची जी उधळण केली त्यानंतर तो आला. त्यामुळे संघ एकाआड एक वर्षाची पिक्स देतात आणि मधल्या वर्षी अदलाबदलीचा हक्क देतात. म्हणजे तीन पिक्स ऐकायला तीनच वाटली तरी पाच-सहा वर्षं बांधली जातात.

याचा परिणाम किती खोल जातो ते ब्रुकलिनला विचारावं. 2013 मध्ये त्यांनी बॉस्टनकडून 37 वर्षांचा गार्नेट आणि 35 वर्षांचा पिअर्स घेतला. दिली 2014, 2016, 2018 ची पिक्स आणि 2017 ची अदलाबदल. गार्नेटची सरासरी 6.5 वर आली, पिअर्सची 13.5. संघ 44 सामने जिंकून दुसऱ्या फेरीत मायामीकडून हरला, पिअर्स वर्षभरातच निघून गेला. ब्रुकलिन तळाला गेलं तेव्हा 2016 च्या त्यांच्या पिकवर बॉस्टनने जेलन ब्राउनला घेतलं आणि 2017 च्या पिकमधून फिरत-फिरत जेसन टेटम मिळवला. 2024 चं विजेतेपद बॉस्टनला याच दोघांनी मिळवून दिलं. 2007 मध्ये गार्नेटला विकत घेऊन जिंकणारा संघ बॉस्टनच होता, आणि त्याला योग्य वेळी विकून पुढची पिढी उभी करणाराही तोच.

ड्रेसिंग रूमबद्दल एवढंच: कोणी काय सोडणार हे आधी ठरलेलं असावं. बॉब मॅकअ‍ॅडू सलग तीन वर्षं लीगमधला सर्वाधिक गुण करणारा, 1975 चा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. डिसेंबर 1981 मध्ये लेकर्सकडे किरकोळ मोबदल्यात आला, बाकावरून खेळला आणि 1982 व 1985 ची विजेतेपदं जिंकला. असा माणूस विरळा. तुमच्या स्टारने बाकावरून खेळावं अशी अपेक्षा नाही, पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये चेंडू 24 वर्षांच्या गार्डकडे असेल आणि तो कोपऱ्यात उभा राहील, हे त्याला मान्य आहे का? त्याच्या आजच्या प्रशिक्षकाखाली काम केलेल्या साहाय्यकांकडून हे कळू शकतं.

तर तुमच्या संघासाठी. गरज खरी आहे. उत्तम बचाव आणि शेवटच्या पाच मिनिटांत अडकणारं आक्रमण, हीच ती जागा जिथे असा स्कोअरर सर्वाधिक उपयोगी पडतो, कारण त्याचे शॉट तुमच्या सर्वांत वाईट शॉटची जागा घेतील. 2025 च्या उन्हाळ्यात ह्यूस्टन नेमकं याच स्थितीत होतं. 52 विजय, भक्कम बचाव, आणि पहिल्या फेरीच्या सातव्या सामन्यात गोल्डन स्टेटविरुद्ध केवळ 89 गुण. त्यांनी ड्युरंटला घेतलं ते जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स, त्या वर्षीचं दहावं पिक आणि पाच सेकंड राउंड पिक्स देऊन. ब्रुक्सच्या रूपाने एक विंग डिफेंडर गेला, पण अमेन थॉम्पसन, जबारी स्मिथ, टारी ईसन राहिले, म्हणजे त्याची जागा घ्यायला घरात तिघे होते. लांबच्या वर्षांचं एकही फर्स्ट राउंड पिक गेलं नाही. ड्युरंटसाठी दोन वर्षांपूर्वी फिनिक्सने दिलेल्या किमतीशी ताडून बघा.

मी टेबलावर ठेवीन ते असं: होतकरू तरुण, पगार जुळवायला ज्यांच्यावाचून तुमचं अडत नाही असे करार, पहिल्या वर्षाचं पिक, दुसऱ्या वर्षी अदलाबदलीचा हक्क, आणि तिसऱ्या वर्षाचं पिक पहिल्या दहाच्या संरक्षणासह, म्हणजे ते पहिल्या दहात आलं तर तुमच्याकडेच राहील. विंग डिफेंडर नाही. त्यावर ते अडून बसले तर तिसरा संघ शोधा, जो त्यांना हवा तसा विंग देईल आणि तुमच्याकडून पिक घेईल.

आणि ट्रेडसाठीच्या फेब्रुवारीतल्या मुदतीच्या दबावाखाली हे करू नका. ड्रेक्सलरचं जमलं ते ओलाजुवानशी आधीपासून जुळलेल्या नात्यामुळे. ड्युरंटला 2023 मध्ये फेब्रुवारीत आल्यावर दुखापतीमुळे प्लेऑफआधी जेमतेम आठ सामने मिळाले. नव्या स्टारभोवती आक्रमण बसवायला सरावशिबिर लागतं. उन्हाळ्यात त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलेलं असेल, त्याच्या संघाला तो फुकट जाण्याची धास्ती वाटू लागलेली असेल, आणि आज तीन पिक्स मागणारे तेव्हा एका पिकवरही बोलायला बसतील.